हाताचा भार

घोड्याच्या पाठीवर माशी बसली की नेमकी तेवढ्याच जागेची कातडी थरारते आणि माशी उडते. कातडीला लागून स्नायूचा एक पातळ थर पसरलेला असतो, त्याची ही करामत. साडेचारशे-पाचशे किलो वजनाच्या जनावराला माशीच्या पायांचा स्पर्श कळतो, आणि तो कुठे झाला हेही कळतं. पागेत वावरणाऱ्या प्रत्येकानं हे हजारो वर्षं पाहिलं आहे. तरीही दौडून आलेल्या, आखडलेल्या घोड्याला मोकळं कसं करायचं या प्रश्नाला माणसाचं उत्तर बहुतेक वेळा जोर हेच राहिलं. रगडा, थोपटा, अंगाचं वजन टाकून चोळा. आज जगभरच्या तबेल्यांत हलक्या हातानं घोड्याचे ताठलेले स्नायू सोडवण्याची एक विद्या शिकवली जाते. तिची कुळकथा म्हणजे हाताचा हा भार हळूहळू उतरत जाण्याची गोष्ट आहे. हात जसजसा हलका झाला, तसतसं घोड्याचं म्हणणं ऐकू येऊ लागलं. गोष्ट सरळ रेषेत जात नाही. तिच्यातला सगळ्यात शहाणा माणूस अगदी सुरुवातीलाच भेटतो.

त्याच्याकडे जाण्याआधी घोडा आखडतो कशानं, ते पाहायला हवं. माणसाला गळ्याखाली दोन्ही बाजूंना जे आडवं हाड असतं, ते घोड्याला नसतं. त्याचे पुढचे पाय धडाला हाडानं जोडलेलेच नाहीत. छातीचा पिंजरा दोन खांद्यांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो. उभ्या घोड्याचं निम्म्याहून जास्त वजन, साधारण ६० टक्के, पुढच्या पायांवर असतं आणि ते सगळं या झोळीतून खाली उतरतं. कण्याच्या दोन्ही अंगांनी मानेच्या बुंध्यापासून कमरेपलीकडपर्यंत त्याच्या शरीरातला सर्वांत लांब स्नायू जातो. खोगीर बसतं ते याच स्नायूवर. पाठ सावरणं, ती ताणणं, ती वळवणं ही त्या स्नायूची कामं. वर कोणी बसणार आहे हा हिशेब निसर्गानं धरलेला नव्हता.

मग खोगीर एका अंगानं चिमटत असेल, स्वार एकाच रिकिबीवर रेलत असेल, लगाम सतत खेचलेला असेल, नाल वेळेवर बदललेला नसेल किंवा दाढांना धार येऊन तोंड सोलत असेल, तर घोडा दुखरी जागा वाचवून चालू लागतो. वाचवण्याचं काम दुसऱ्या स्नायूंवर पडतं आणि तेही ताठतात. पोटरीत आलेला गोळा आपण हातानं धरतो, तोंडानं ओरडतो; घोडा दोन्ही करत नाही. तो कळपात राहणारा, शिकार होणारा प्राणी आहे. कळपात जो लंगडताना दिसतो, त्यालाच लांडगा निवडतो. त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. स्वाराला कळतं ते फार उशिरा आणि आडवळणानं. तंग आवळताना कान मागे पडतात, एका बाजूला वळायची नाखुशी दिसते, उडीच्या आधी पाय अडतात. याला अडेलपणा म्हणून टाच मारण्याची रीत जुनी आहे, आणि माझ्या मते घोड्यावर झालेल्या अन्यायांतला सगळ्यात मोठा अन्याय तोच आहे.

आता तो शहाणा माणूस. झेनोफन हा अथेन्सचा. सॉक्रेटिसच्या सहवासात वाढलेला, भाडोत्री ग्रीक सैन्याबरोबर पर्शियाच्या साम्राज्यात खोलवर जाऊन लढत लढत परत आलेला. इ.स.पू. ४थ्या शतकात त्यानं घोडेस्वारीवर एक छोटा ग्रंथ लिहिला, तोही आपल्या तरुण मित्रांच्या उपयोगासाठी. घोडा विकत घेताना काय पाहावं, तबेला कुठे असावा, लगाम कसा चढवावा, असं सगळं त्यात आहे. अंग साफ करण्याबद्दल तो जे सांगतो, ते मात्र पुन्हा पुन्हा वाचावं असं आहे. सुरुवात डोक्यापासून करा, कारण वरची घाण खाली येते. डोकं हाडाळ आहे, तिथे लोखंडी किंवा लाकडी साधन लावू नका, घोड्याला दुखतं. नुसतं पाणी पुरे. आणि पाठीच्या कण्यावर तर कोणतंच साधन चालवू नका. तिथे फक्त हात फिरवा, केस ज्या दिशेनं वाढतात त्या दिशेनं. स्वाराची जी बसायची जागा, तिला इजा होता कामा नये, एवढं त्याचं साधं कारण.

शिंगराबद्दलच्या भागात तो आणखी पुढे जातो. नोकरानं शिंगराला हात लावावा तो त्याला सगळ्यात जास्त आवडतं तिथे. ही जागा कोणती? जिथे केस दाट आहेत, आणि जिथे काही त्रास झाला तर त्याला स्वतःला तो दूर करता येत नाही. म्हणजे आयाळीचा बुंधा आणि खांद्यांच्या मधला उंचवटा. घोड्याचं तोंड कुशीपर्यंत पोचतं, मागचा पाय कानापर्यंत पोचतो, पण इथे काहीच पोचत नाही. इथे दुसरा घोडाच लागतो. कुरणात दोन घोडे शेजारी तोंडं उलट दिशेला करून उभे राहतात आणि दातांनी एकमेकांचा हाच भाग खाजवत राहतात, ते आपण पाहतो. झेनोफननं माणसाच्या हाताला त्या दुसऱ्या घोड्याची जागा दिली.

याचा पडताळा यायला सुमारे तेवीस शतकं जावी लागली. १९९३ साली क्लॉडिया फे आणि जान द माझिएर या संशोधकांनी फ्रान्सच्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर एक प्रयोग केला. मानेचा बुंधा आणि त्यामागचा उंचवटा या आवडत्या जागी माणसाच्या हातानं खाजवलं, तेव्हा घोड्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले. त्यांना तितक्या न आवडणाऱ्या दुसऱ्या जागी तेच केलं, तेव्हा ठोक्यांत फरक पडला नाही. ही आवडती जागा हृदयाची गती सांभाळणाऱ्या मज्जातंतूंच्या एका मोठ्या गाठीजवळ येते, याकडेही त्यांनी लक्ष वेधलं. म्हणजे हात कुठे ठेवावा याचं उत्तर घोड्यांनी आपापसात कधीच ठरवून टाकलं होतं. झेनोफननं ते नीट पाहिलं आणि लिहून ठेवलं, एवढंच.

आपल्याकडची परंपरा याहून वेगळ्या वाटेनं गेली. अश्वविद्येचा आद्य आचार्य म्हणून शालिहोत्राचं नाव घेतात. नकुलाच्या नावावर अश्वशास्त्र आहे. त्याची सचित्र प्रत तंजावरच्या भोसले राजांनी जोपासलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे आणि ती १९५२ मध्ये छापूनही निघाली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचं स्वतंत्र प्रकरण आहे. घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान, चंदनगंध, फुलांच्या माळा, खाण्यात तूप-तेलाची मापं असा सगळा थाट तिथे मांडलेला आहे, आणि तबेल्यातल्या माणसांच्या यादीत वैरण आणणारा, खाणं शिजवणारा यांच्याबरोबर केस राखणाराही आहे. अकबराच्या पागेचा तपशील आईन-इ-अकबरीत येतो. तिथे दोन घोड्यांमागे एक साईस असे, आणि सामानाच्या यादीत अंग धुवायचा केसाळ हातमोजा नोंदलेला आहे. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या पागेची बांधणी सांगते: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. पाणी आणि नाल दोन्ही हिशेबात आहेत. रात्री मुक्कामाला घोड्याची पाठ चोळणारा हात त्या ओळीत नाही. या विद्येचा इतिहास लिहिताना हीच अडचण सगळीकडे येते. खाणं, पाणी, लोखंड, पैसा यांची नोंद होते. स्पर्शाची होत नाही. ज्याच्या तळव्याला घोड्याची प्रत्येक गाठ माहीत होती, तो मोतद्दार निनावी राहिला.

आपल्या मोतद्दारांचं आणि साईसांचं काम मात्र दिसण्यासारखं होतं. आधी खरारा, म्हणजे दातेरी लोखंडी साधनानं वाळलेला चिखल-घाम सोडवायचा. मग मालिश. दोन्ही तळवे आणि कोपरापर्यंतचे हात वापरून, अंगाचा भार टाकून, तालात मान, खांदे, पाठ, पुठ्ठे रगडायचे. हिंदुस्थानात आलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना या मालिशचं फार अप्रूप वाटे. त्यांच्या स्वतःच्या देशात त्याच कामासाठी गवताची दोरी वळून केलेली जाड गादी वापरत. ती ओली करून मान, खांदा आणि पुठ्ठ्याच्या मांसल भागावर ताल धरून आपटायची. त्यानं रक्त खेळतं, स्नायू घट्ट होतात, अंगाला तकाकी येते, असं सैन्याच्या तबेल्यांत शिकवलं जाई. दोन्हीकडची माणसं घोड्याच्या भल्यासाठीच राबत होती आणि थकलेल्या घोड्याला त्याचा आराम पडत होता, यात मला शंका नाही. पण आखडलेला, दुखरा घोडा अशा जोराला उलट ताठून उत्तर देतो. रगडणारा दमेपर्यंत रगडतो, घोडा तेवढा वेळ सोसतो. किती जोर लावायचा हे सर्वस्वी माणूस ठरवत होता.

पुढचं वळण विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आलं आणि ते पोलोच्या मैदानावरून आलं. लॉर्ड माउंटबॅटन पोलोत दुखावले, तेव्हा चार्ल्स स्ट्राँग या फिजिओथेरपिस्टनी त्यांच्या स्नायूंवर विजेच्या सौम्य झटक्यांचा उपचार केला. हाच उपचार माझ्या पोलोच्या घोड्यांवर का होऊ नये, असं माउंटबॅटननी विचारलं आणि स्ट्राँग घोड्यांकडे वळले. माणसांच्या स्नायूंचं शास्त्र घोड्याला लावायची ही सुरुवात होती. १९५३ मध्ये त्याच देशात दुसरी एक गोष्ट घडली. राणी एलिझाबेथ यांचा ऑरिओल हा घोडा डर्बीत दुसरा आला. घोडा पाण्याचा, पण फार बिथरणारा. शर्यतीआधीच घामाघूम व्हायचा. त्याच्यासाठी चार्ल्स ब्रूक नावाच्या लंडनच्या डॉक्टरांना बोलावलं गेलं. हे मज्जासंस्थेचे जाणकार घोड्याच्या अंगावर नुसते हात ठेवून उभे राहत. पुढच्या वर्षी ऑरिओलनं एप्समचा कोरोनेशन कप आणि अ‍ॅस्कटची किंग जॉर्ज द सिक्स्थ अँड क्वीन एलिझाबेथ स्टेक्स या दोन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या. त्यात त्या हातांचा वाटा किती, हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. वय वाढल्यानंही घोडा निवळतो. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की शर्यतीच्या जगात, जिथे सगळं काही सेकंदांत मोजतात, तिथे एका माणसानं काहीही न रगडता घोड्याशेजारी उभं राहणं हा उपचार मानला गेला.

अमेरिकेत हे काम जॅक मेहर यांनी हातात घेतलं. ते खेळाडूंना मसाज करणारे. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकच्या वेळी ते अमेरिकेच्या अश्वसंघाच्या घोड्यांवर काम करत होते. ब्रोमाँट इथे झालेल्या तीन दिवसांच्या स्पर्धेत त्या संघानं सुवर्ण जिंकलं आणि टॅड कॉफिननं बॅली कॉर या घोडीवर वैयक्तिक सुवर्णही मिळवलं. पदक घोड्यानं, स्वारानं आणि शिक्षकानं मिळवलं. मसाजानं मिळवलं असं म्हणणं त्या तिघांवर अन्याय ठरेल. पण मेहर यांच्या कामाकडे लोकांचं लक्ष गेलं, आणि १९८५ मध्ये घोड्यांच्या स्नायूंच्या दुखापतींवर त्यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सगळं अंग सारखं चोळून उपयोग नाही. स्नायू जिथे हाडाला चिकटतो, त्या टोकाजवळ ताण साठतो. तिथे बोटानं चाचपडलं तर दाणा लागतो आणि घोडा दचकतो. ती जागा शोधा, तिथे दाब द्या, धाग्यांना आडवं घासा, मग तो स्नायू सोडेल. हाताचा जोर इथे अजून आहे, पण तो आता सगळ्या अंगावर सांडत नाही. बोटाच्या पेराएवढ्या जागी येऊन थांबतो. आणि ती जागा सापडली का, हे घोड्याच्या दचकण्यावरून ठरतं. घोडा प्रथमच या कामात बोलू लागला, दुखलं म्हणून का होईना.

खरा हलकेपणा आला तो लिंडा टेलिंग्टन-जोन्स यांच्याकडून, आणि त्यांची गोष्ट आजोबांपासून सुरू होते. लिंडा सांगतात त्याप्रमाणे त्यांचे आजोबा विल केवुड हे अमेरिकन घोडेशिक्षक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियात काम करत. मॉस्कोच्या शर्यतींत त्यांच्या घोड्यांनी इतके विजय मिळवले की झार निकोलस दुसरा यानं त्यांना रत्नजडित काठी बक्षीस दिली. रोज प्रत्येक घोड्याचं अंग इंच न् इंच हातानं चोळायचं, त्यासाठी अर्धा तास द्यायचा, हा त्यांच्या तबेल्याचा नियम होता. आणि घोड्यानं स्वतः तयारी दाखवल्याशिवाय त्याला शर्यतीत उतरवायचं नाही, हा दुसरा. घरातली ही रीत हाताशी धरून लिंडा आणि त्यांचे पती वेंटवर्थ टेलिंग्टन यांनी १९६५ मध्ये खेळाच्या घोड्यांसाठी मसाजावर पुस्तक लिहिलं. तोवर हा मसाज म्हणजे थकलेल्या स्नायूंत रक्त खेळवण्याचाच उपाय होता. लिंडा स्वतः शंभर मैलांच्या शर्यतींत घोडा दौडवलेल्या, त्यामुळे थकलेली पाठ त्यांना बाहेरून शिकायची नव्हती.

१९७५ मध्ये त्या सॅन फ्रान्सिस्कोत मोशे फेल्डेनक्रायस यांच्या वर्गात बसल्या. फेल्डेनक्रायस मूळचे आजच्या युक्रेनमधले, पॅरिसमध्ये जोलिओ-क्युरींच्या प्रयोगशाळेत काम केलेले, ज्युदोचे उस्ताद. गुडघा कायमचा दुखावल्यावर त्यांनी स्वतःवर प्रयोग करून एक पद्धत बसवली. स्नायू ताठतो तो बहुतेक वेळा सवयीनं, मेंदूनं दिलेल्या जुन्या हुकमानं, असं त्यांचं म्हणणं. मग स्नायूला दाबून काय होणार? शरीराला कधी न केलेली, छोटी, बिनकष्टाची हालचाल करून दाखवा. मेंदूला नवा पर्याय दिसला की तो जुना हुकूम आपणहून मागे घेतो. हा वर्ग माणसांवर काम शिकवणारा होता. लिंडांच्या मनात मात्र लगेच घोडा आला. हाती न सापडणाऱ्या एका वयस्क अरबी घोडीवर त्यांनी अशा अनोळखी, हळुवार हालचाली करून पाहिल्या. कान कधी नव्हे त्या दिशेनं फिरवला, पाय कधी नव्हे तसा अलगद उचलून ठेवला. दुसऱ्या दिवशी ती घोडी आपणहून त्यांच्याकडे आली, असं लिंडांनी सांगितलं आहे. एका घोडीच्या एका दिवसावरून शास्त्र होत नाही. पण लिंडांचं उरलेलं आयुष्य त्या दिवसानं ठरवलं.

१९८३ मध्ये त्यांना आपल्या हाताची खूण सापडली. बोटांच्या टोकांनी कातडी एका वर्तुळात सरकवायची, एक पूर्ण फेरा आणि वर पाव. घड्याळाच्या तबकडीवर सहावर सुरू करून सहावर यायचं आणि तसंच पुढे नऊपर्यंत जाऊन थांबायचं. बोट कातडीवरून घसरता कामा नये. बोटाबरोबर कातडी सरकली पाहिजे. स्नायूपर्यंत पोचायचा प्रयत्नच करायचा नाही. दाब किती? मिटलेल्या पापणीवर बोट ठेवून जेवढा सहज सोसतो, त्याच्या आसपासचा. हा स्पर्श टीटच या नावानं जगभर गेला. वेगवेगळ्या हातांना लिंडांनी प्राण्यांची नावं दिली: एक ढगाळ बिबट्या, एक अजगराची उचल, एक गाईच्या जिभेचा चाटा. नावं ऐकून हसू येतं, पण शिकणाऱ्याच्या हाताला ती पटकन लक्षात राहतात. पेशी पेशीला जागवणं वगैरे जो अर्थ लिंडा या वर्तुळाला जोडतात, तो मला पटत नाही. पण वर्तुळ एका जागी पुरं करून हात उचलला की घोड्याला मध्ये उसंत मिळते, हे कोणालाही डोळ्यांनी दिसतं. मालिशच्या अखंड तालात ही उसंतच नव्हती.

यापुढचं पाऊल टाकलं ते जिम मास्टरसन यांनी, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात. ते मुळात उड्यांच्या स्पर्धांमध्ये घोडे सांभाळणारे, म्हणजे आपल्या भाषेत मोतद्दारच. पुढे त्यांनी अमेरिकेच्या लांब पल्ल्याच्या दौडीच्या संघाचे घोडे हाताळले आणि २०११ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी दाबाच्या पायऱ्या ठरवल्या, त्या कोणत्याही स्वयंपाकघरात समजतील अशा. पहिली पायरी हवेची फट, म्हणजे हात केसांना जेमतेम लागतो न लागतो. दुसरी अंड्याचं पिवळं बलक, न फुटता जेमतेम दबेल इतकं. मग द्राक्ष, मग मऊ लिंबू, मग कडक लिंबू. काम सुरू होतं ते पहिल्या दोन पायऱ्यांवर. कानामागून निघून मानेवरून, कण्यापासून दोनेक इंचांवरून, पाठीवरून पुठ्ठ्यावर आणि मागच्या पायावरून खुरापर्यंत एक रेघ जाते. चिनी वैद्यक तिला मूत्राशयाची वाहिनी म्हणतं. त्या रेघेवरून हात इतक्या सावकाश न्यायचा की पाहणाऱ्याला तो हलतोय की नाही असा प्रश्न पडावा.

आणि नजर हातावर ठेवायची नाही, घोड्याच्या डोळ्यावर ठेवायची. हात सरकता सरकता एका जागी घोडा पापणी मिटून उघडतो. तिथे थांबायचं. दाब वाढवायचा नाही, उलट कमी करायचा. दहा सेकंद, कधी एक मिनिट, कधी त्याहून जास्त. घोडा श्वास धरून असतो, नजर स्थिर झालेली असते. मग खालचा ओठ थरथरतो, जीभ बाहेर येते, तो चघळू लागतो. कधी मान हलवतो, फुरफुरतो. आणि काही घोडे एकापाठोपाठ एक अशा जबडा पूर्ण उघडून जांभया देतात की नवख्याला भीती वाटावी. ताण सुटत असल्याची ही चिन्हं. दुखऱ्या जागी घोडा अंग काढून घेऊ लागला तर मास्टरसन सांगतात ते सगळ्या जुन्या मालिशच्या नेमकं उलट आहे: जोर लावून ती जागा धरून ठेवू नका, हात इतका मऊ करा की त्याला विरोध करायला काही उरणार नाही. ज्याला ढकलायला समोर काही नाही, त्याला ताठ राहता येत नाही. ही वाहिनी शरीरात खरोखर आहे का, याचा शरीररचनाशास्त्रात पुरावा नाही आणि या कामाला तो लागतही नाही. रेघ ही हाताला चालायला दिलेली वाट आहे. कुठे थांबायचं ते घोडा सांगतो.

विज्ञान याबद्दल सावधपणे बोलतं आणि ते योग्यच आहे. २००४ च्या एका ब्रिटिश अभ्यासात सहा वेगवेगळ्या जागी मसाज करून हृदयाचे ठोके मोजले गेले. ठोके सगळ्याच जागी उतरले, पण सर्वांत जास्त उतरले ते घोडे एकमेकांना खाजवतात त्या जागांवर, मान आणि खांद्यामागच्या उंचवट्यावर. २००८ मध्ये अमेरिकेत एक तुलना झाली. मसाज, मणक्यांवरचा हस्तोपचार आणि फेनिलब्युटाझोन हे घोड्यांचं नेहमीचं वेदनाशामक, या तिघांनी पाठीची दाब सोसण्याची ताकद किती वाढते ते आठवडाभरानं पाहिलं. मणक्यांचा हस्तोपचार पहिला आला आणि मसाज औषधाच्या पुढे राहिला. २०१० मध्ये मागच्या मांड्यांना मसाज केल्यावर घोडा पाय जास्त पुढे टाकतो, असंही दिसलं. हे सगळे अभ्यास थोड्या घोड्यांवरचे आहेत. मोजायला आणखी एक अडचण आहे: घोड्याला तोतया मसाज देता येत नाही. नुसता हात लावला तरी त्याचे ठोके बदलतात. म्हणून या विद्येचे जे उत्साही प्रचारक लंगडेपणापासून पोटशूळापर्यंत सगळं हातानं बरं करायला निघतात, त्यांच्यापासून दूर राहावं. पोटशूळ, सुजलेला सांधा, गरम झालेला खूर ही पशुवैद्याची कामं आहेत. ब्रिटनमध्ये तर आजारी किंवा जखमी जनावरावर फिजिओथेरपी करायची, तर ती पशुवैद्यानं तपासून सांगितल्यावरच करता येते, असा कायदा आहे.

आपल्या महाराष्ट्रात घोडे म्हटलं की महालक्ष्मी आणि पुण्याची रेसकोर्स डोळ्यांपुढे येतात, किंवा दत्तजयंतीला तापीकाठी भरणारी सारंगखेड्याची यात्रा. शर्यतीच्या घोड्यामागे पैसा असतो; त्याला पशुवैद्य मिळतो, मसाज करणाराही मिळू शकतो. मला आठवतात ते माथेरानचे घोडे. दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या मोटारी जात नाहीत, तेव्हा लाल मातीच्या चढ-उतारांवर दिवसभर माणसं वाहायचं काम ते करतात. दर फेरीला वेगळा स्वार, वेगळं वजन, वेगळ्या बाजूला झुकणारा, लगामाला लोंबकळणारा. वर सांगितलेलं पाठ आखडण्याचं जवळजवळ प्रत्येक कारण एका दिवसात त्यांच्या वाट्याला येतं. घोडा हीच ज्याची रोजी, त्या घोडेवाल्याला ही विद्या परदेशी अभ्यासक्रमाचं शुल्क भरून शिकायची गरज नाही. घोड्याच्या अंगावर हात फिरवायची सवय त्याला लहानपणापासून आहे. त्याला कोणी दाखवून द्यायला हवं ते एवढंच, की शेवटची फेरी संपवून तंग सोडला की खराऱ्याच्या आधी आयाळीच्या बुंध्याशी तळवा नुसता टेकवायचा, घोड्याच्या डोळ्याकडे बघायचं, आणि ओठ सैल पडेपर्यंत हात हलवायचा नाही. त्याच्याही आधी खोगीर उलटं करून खालची गादी तपासायची. ती एका अंगानं दबलेली, गोळे झालेली असेल, तर संध्याकाळी सोडवलेली पाठ दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीत पुन्हा ताठेल. अशा वेळी हाताआधी सुईदोरा घेऊन ती गादी उसवून नीट भरायला बसावं.